‘शहरी नखरे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती, तेव्हा लिहिलं असतं तर भलतंच काहीतरी लिहून गेले असते म्हणून थांबले. राग अजून गेलेला नाहीये, पण लिहिते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, माझ्या कुत्र्यांच्या लसींवरच्या पोस्टखाली यांनी लिहिलंय की ‘हे सगळे शहरी नखरे आहेत, तुमच्यासारखे लोक औषध कंपन्यांचे एजंट झालेत, आमच्या आजोबांची कुत्री भात आणि सुक्या बांगड्याचं डोकं खाऊन 14 वर्षं जगली, एक इंजेक्शन नाही. घरात बांधलेल्या कुत्र्याला रेबीज कुठून होणार? आणि दरवर्षी सगळ्या लसी लागत नाहीत हे परदेशातले डॉक्टरच सांगतात. आम्हीही पिल्लू आणलंय, त्याला काही टोचणार नाही.’

शहरी कोण हो? माझा जन्म गोव्यातल्या साखळी गावचा, घरामागे माडा-पोफळींचं कुळागर, लहानपणापासून दारात कधी दोन कधी चार कुत्री. एजंट म्हणालात तेही राहू दे, मला आजवर कुणी रुपया दिलेला नाही. पण ओळख ना पाळख, एका बाईला असं लिहिताना थोडं तरी थांबायला हवं होतं असं मला वाटतं.

आता आजोबांच्या कुत्र्याबद्दल. माझ्याही आजोबांकडे होता तसा एक, काळा, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे रस्त्यापर्यंत धावायचा, म्हातारा होऊन मेला. त्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्याबरोबर जन्मलेली बाकीची पिल्लं? आजीला मी विचारलं होतं तर ती म्हणाली, ‘गेली गो, पावसात गेली.’ एवढंच. त्यांना नावंच ठेवली नव्हती त्यामुळे ती कुणाच्या आठवणीत नाहीत, आणि आपण जगलेलं एक मोजतो आणि म्हणतो की बघा काही होत नाही. तुमच्या आजोबांकडे किती पिल्लं झाली आणि त्यातली किती वाढली, घरी विचारून बघा.

दुसरं म्हणजे तो काळ वेगळा होता. आज पिल्लांना सगळ्यात जास्त मारणारा पार्वो हा आजार तेव्हा नव्हताच, तो विषाणू 1978 च्या सुमारास पहिल्यांदा दिसला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. तुमच्या आजोबांचा कुत्रा त्याच्याशी लढून जिंकला नाही, त्याची गाठच पडली नसेल.

माझी पडलीय. 2011 ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. बिजली म्हणून पिल्लू होतं, पहिलं इंजेक्शन झालेलं, दुसऱ्याची तारीख नेमकी चवथीच्या आठवड्यात आली, घरात पाहुणे, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान जमवायचं, मी म्हटलं होईल नंतर. आईच्या दुधातून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात काही आठवडे असते आणि तीच लसीला काम करू देत नाही, ती नेमकी कधी उतरेल हे सांगता येत नाही म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत टोचतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आधी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, तो वास मी अजून विसरलेले नाही. सलाईन लावलं, चौथ्या दिवशी पहाटे गेली. आणि तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे पुढे वर्षभर दारात पिल्लू आणलं नाही. हे नखरे असतील तर असू देत.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, मान्य करते. मी ‘दरवर्षी सगळं’ असं सरसकट लिहिलं होतं ते चुकलं. पिल्लूपणीचा कोर्स आणि वर्षानंतरचा बूस्टर झाला की पार्वोची आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या आजाराची लस तीन वर्षांनी चालते. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, मात्र दरवर्षीच, आपल्याकडे पावसात उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी कुठे नसतं? पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय.

रेबीजवर जास्त लिहीत नाही. गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यावर कुत्र्यांना टोचत फिरली म्हणून, आपोआप नाही. हद्दीवरच्या दोडामार्गाच्या पलीकडचं, महाराष्ट्रातलं कुत्रं इकडे यायला कितीसा वेळ लागतो, आणि साखळीने बांधलेल्याला तर पळताही येत नाही.

बाकी मुद्द्यांना उत्तर देण्यात मला अर्थ वाटत नाही. फक्त तुमचं पिल्लू किती आठवड्यांचं आहे ते लिहा. सहा-आठ आठवड्यांचं असेल तर याच आठवड्यात पहिली लस घ्या, आणि तोवर त्याला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका.