पुन्हा तेच ‘पॉश’!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत आलंच. गुलाबाचं फूल, वर ‘तुम्हाला हे माहीत होतं का?’ आणि खाली पॉश म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीत, परतताना उजवी. म्हणून म्हणे बड्या साहेबांच्या तिकिटावर ही चार अक्षरं छापायचे. लगेच अंगठेच अंगठे!

अहो, पी अँड ओ या बोट कंपनीचं दफ्तर लोकांनी पालथं घालून झालंय. असं एक तिकीट सापडलेलं नाही. एक! ‘झकपक’ या अर्थाने हा शब्द 1914 च्या आसपास छापलेला दिसतो आणि बोटीची कथा त्यानंतर वीसेक वर्षांनी. आधी बारसं, मग बापाचा शोध.

खरा माग यापेक्षा भारी आहे, पण तो कोण फॉरवर्ड करणार? एकोणिसाव्या शतकात लंडनच्या चोरबोलीत पॉश म्हणजे अर्धी पेनी, पुढे नुसता पैसा, मग छानछोकी करणारा माणूसही. अर्ध्या पेनीचा पॉश रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेतला, तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. त्याचं मूळ संस्कृत ‘पार्श्व’, ज्यातून आपलं ‘पाशी’ आलं. आजचा पॉश यातूनच निघाला असं कोशकार छातीठोकपणे म्हणत नाहीत. ते गुलाबाचं फूल मात्र म्हणतं.

आणि ते ‘न्यूज’! म्हणे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. जुनं स्पेलिंग बघा की, एन-ई-डब्ल्यू-ई-एस. मग दुसरा ‘ई’ कुठली दिशा, ईशान्य? ‘न्यू’चं अनेकवचन आहे ते, नव्या गोष्टी, संपलं. गोल्फ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’? 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली ती सरसकट, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू बडवत बसले होते. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम मुळात विसाव्या शतकातली. रडार, लेझर वगैरे. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड दिसली की सरळ थाप समजा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं की दोन निळ्या टिका आणि स्मशानशांतता. मग आत्याचं ‘बरं, जेवलास का?’. चूक तिची नाही, शब्दकोशावरून सकाळी सात वाजता भांडणाऱ्याशी बोलायचं तरी काय!

आत्ताच काकांनी ‘टिप’ पाठवलंय. ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’. काका, तो आयवाला इन्शुअर विम्याचा! खात्रीचा ईवरून सुरू होतो. तेव्हा वेटरला आता ‘टेप’ द्या.