बखर फॉरवर्ड होते, डायरी कोणी उघडत नाही

डिसेंबर आला की तो मेसेज पुण्यातल्या यच्चयावत ग्रुपवर उगवतो. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, तळजाईवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा, कुठलाही सोडत नाही. ज्यांना आला नसेल अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९७१, इंदिरा गांधी व्हाइट हाउसमध्ये. निक्सन धमकी देतो की पाकिस्तानच्या भानगडीत नाक खुपसलंत तर धडा शिकवू. बाई ताडकन उठतात, आम्ही अमेरिकेला मित्र मानतो, मालक नाही, असं सुनावतात आणि सरळ बाहेर पडतात. गाडीपर्यंत सोडायला आलेला निक्सनचा सल्लागार किसिंजर म्हणतो की जरा सबुरीने घ्यायला हवं होतं, तर त्यालाही 'थँक्यू मिस्टर सेक्रेटरी' म्हणून एक ठेवून देतात. मग दिल्लीत उतरल्या उतरल्या वाजपेयींना बोलावणं, त्यांची युनोत रवानगी वगैरे. आणि शेवटी सगळ्यांची तोंडं बंद करायला एक ओळ, की हे सगळं खुद्द किसिंजरने लिहून ठेवलंय.

वाचताना छाती फुगते हे मान्य. पण ज्या माणसाच्या ऑफिसात हे घडलं म्हणतात त्याच्या दिवसाचा हिशोब मिनिटाला मिनिट लावून ठेवलेला आहे, आणि तो तुम्हाआम्हाला कोथरूडात बसून मोबाइलवर फुकट बघता येतो, हे फॉरवर्ड करणाऱ्या काकांच्या गावीही नसतं.

त्याला म्हणतात प्रेसिडेंट्स डेली डायरी. निक्सनने रात्री झोपताना मनातलं लिहिलेली डायरी नाही हां ही. टेलिफोन ऑपरेटरच्या नोंदी, सीक्रेट सर्व्हिसच्या नोंदी, सेक्रेटरीची अपॉइंटमेंटची वही असं सगळं गोळा करून अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या माणसांनी टाइप केलेला तक्ता. वर दिवस कुठे सुरू झाला, तारीख, वार. डावीकडे आत कधी, बाहेर कधी असे दोन रकाने, त्याच्या बाजूला फोनचा रकाना ज्यात पी लिहिलं असेल तर साहेबांनी फोन लावला आणि आर असेल तर साहेबांना आला, आणि मग उरलेल्या जागेत कोण भेटलं, किती वाजता गेलं, साहेब ऑफिसातून उठून घराच्या मजल्यावर कधी गेले, इतकं बारीक. काय बोलले त्याचं मात्र अक्षर नाही. म्हणून डायरी एकटी वाचून भागत नाही, शेजारी बैठकीचं टिपण ठेवायचं, त्याच्या शेजारी टेप, त्याच्या शेजारी त्या दिवशीची जाहीर भाषणं, मग कुठे तो दिवस उभा राहतो. आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला आणि मुख्य, बाई उठून निघून गेल्या. ४ नोव्हेंबरला सकाळी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर स्वागत झालं, दोघांची भाषणं झाली. साडेदहाच्या सुमारास ओव्हल ऑफिसात बैठक सुरू झाली, आत निक्सन, किसिंजर, इंदिराबाई आणि त्यांचे सल्लागार पी. एन. हक्सर. बैठक चालली साधारण दोन तास. त्याच संध्याकाळी व्हाइट हाउसमध्येच सरकारी मेजवानी, दोघांनी उठून एकमेकांसाठी टोस्टची भाषणं केली, ती भाषणं निक्सनच्या जाहीर भाषणांच्या सरकारी खंडात छापलेली आहेत. आणि दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, त्याच ओव्हल ऑफिसात दुसरी बैठक! सकाळी तरातरा निघून गेलेली बाई रात्री त्याच घरी जेवायला आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच खोलीत चर्चेला, हे कुठल्या हिशोबात बसवायचं ते फॉरवर्डवाल्यांनी सांगावं. त्या दुसऱ्या बैठकीत तर उपखंडाचा विषय जवळपास टाळलाच गेला, चीन आणि बाकीच्या जगावर बोलणं झालं. रागाने दार आपटणाऱ्यांच्यात असं होत नाही, एकमेकांना पुरतं ओळखून बसलेल्यांच्यात होतं.

मग धमकी खोटी का? तर नाही, आणि इथे फॉरवर्ड पूर्ण बिनबुडाचा नाही हेही सांगायला पाहिजे. पहिल्या बैठकीचं जे टिपण आहे त्यात निक्सन म्हणतो की भारताने युद्ध सुरू केलं तर ते समजून घेणं अमेरिकेला फार अवघड जाईल, आणि मग इतर बड्या सत्ता कोणती पावलं उचलतील त्याचा अंदाज करता येणार नाही. धमकीच आहे ही, फक्त इस्त्री केलेली. आणि बाईंचं सुनावणंही खरं आहे, पण ते बंद खोलीतल्या डायलॉगमध्ये शोधू नका, सकाळच्या हिरवळीवर शोधा, कॅमेऱ्यांसमोर. तिथे निक्सनच्या बाजूला उभं राहून त्या म्हणाल्या की दुष्काळ, पूर, वादळं या नैसर्गिक संकटांत आता माणसाने घडवलेल्या प्रचंड शोकांतिकेची भर पडलीये. त्या वेळी पूर्व बंगालमधून लाखांनी निर्वासित आपल्याकडे येत होते, वर्षअखेर आकडा एक कोटीच्या घरात गेला. यजमानाच्या अंगणात उभं राहून, त्याचा दोस्त, पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान, याचं नावही न घेता, असं बोलायला जे लागतं ते 'मालक नाही' छाप संवादात नाही.

दुसरा मुद्दा, 'मिस्टर सेक्रेटरी'. याला एक ओळ पुरे. १९७१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, होते विल्यम रॉजर्स. किसिंजर तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, त्याला सेक्रेटरीची खुर्ची मिळाली सप्टेंबर १९७३ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं आधीच बाईंनी प्रमोशन देऊन टाकलं म्हणायचं.

तिसरा, किसिंजरने लिहिलंय. लिहिलंय ना, १९७९ ला आलेल्या आठवणींत लिहिलंय, पण काय? की इंदिरा गांधींबरोबरच्या भेटी या निक्सनच्या कुठल्याही परदेशी नेत्याबरोबर झालेल्या सगळ्यात दुर्दैवी भेटी होत्या. भेटी, अनेकवचन! म्हणजे ज्याची साक्ष काढताय तोच तुमची गोष्ट मोडतोय. आणि खरं तर किसिंजरच्या आठवणी हा काही फार भरवशाचा माल नाही, माणूस स्वतःची वकिली करत होता. त्याच्या फोनवरच्या बोलण्यांचे कागद, सेक्रेटऱ्या लाइनवर ऐकून टिपून घ्यायच्या ते, हजारो पानं, त्याने आधी स्वतःचे खासगी म्हणून अडकवून ठेवले होते, ते नॅशनल आर्काइव्ह्जने २००४ मध्ये लोकांसाठी खुले केले, आणि तेव्हापासून त्याची पुस्तकं शेजारी ते कागद ठेवूनच वाचावी लागतात.

चौथा मुद्दा, तडक दिल्ली आणि वाजपेयी. तडक वगैरे काही नाही, वॉशिंग्टनहून न्यूयॉर्क, मग पॅरिस, मग पश्चिम जर्मनी, असा २४ ऑक्टोबरपासून चाललेला जवळपास तीन आठवड्यांचा दौरा पुरा करून बाई परतल्या. डिसेंबरात युनोमध्ये भारताची बाजू मांडायला गेले ते परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग, वाजपेयी तेव्हा जनसंघाचे अध्यक्ष होते आणि देशातच होते. विरोधी पक्षात असताना वाजपेयींना सरकारने शिष्टमंडळाचं नेतृत्व देऊन पाठवलं हे खरंय, पण ते १९९४ मध्ये, जिनिव्हाला मानवी हक्क आयोगापुढे, आणि पाठवलं नरसिंह रावांनी. दोन गोष्टींची अशी खिचडी झालीये. बाकी उठून जाण्याचा सीन तुम्हाला हवाच असेल तर १९७१ मध्ये एक अस्सल आहे, १५ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत कागद फाडून तरातरा बाहेर पडले ते पाकिस्तानचे झुल्फिकार अली भुत्तो. दुसऱ्याच दिवशी ढाक्याला शरणागती झाली.

आता पाचवा, जो मुद्दा मला दर वेळी ऐकावा लागतो. मी हे सगळं ग्रुपवर टाकलं की कोणीतरी लिहितं, अहो सरकारी कागद ते, सरकारला पाहिजे तेच त्यात असणार, आमचा काय त्यावर विश्वास नाही. हे वाक्य पुण्यात लिहिलं जातं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्याकडे पेशवे दफ्तर आहे, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, पेशव्यांच्या रोजकीर्दी, आज कोणाला काय दिलं, कोणाला काय हुकूम सुटला त्याच्या रोजच्या नोंदी. त्याच दरबारात काय चाललंय हे संगमावर बसलेला इंग्रज रेसिडेंट कलकत्त्याला कळवत होता, ती पत्रंही सरदेसाई आणि जदुनाथ सरकार या इतिहासकारांनी छापून घेतली. दोन्हीकडचे कागद सरकारीच, दोन्हीकडचे लिहिणारे पगारी, तरी समोरासमोर ठेवले की कोण कुठे थापा मारतोय ते कळतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दफ्तरं हुडकत हिंडले ते उगाच नाही, नंतर कोणीतरी सांगोवांगी लिहिलेल्या रसाळ बखरीपेक्षा त्या वेळचं अस्सल चिटोरं त्यांना मोलाचं वाटायचं. हा फॉरवर्ड म्हणजे बखर आहे, बाकी काही नाही.

आणि निक्सनचं दफ्तर तर असं आहे की त्यात निक्सनला नको असलेलंच जास्त सापडतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्याने ओव्हल ऑफिसात टेपिंगची यंत्रणा बसवून घेतली, टेबलात ५ मायक्रोफोन, फायरप्लेसपाशी २, आवाज झाला की टेप आपोआप सुरू. जुलै १९७३ मध्ये बटरफील्ड नावाच्या माजी सहायकाने वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सेनेटच्या समितीपुढे हे सांगून टाकलं आणि मग जे व्हायचं ते झालं, निक्सनची खुर्ची गेली. टेप आपल्याच आहेत असं निक्सन म्हणत राहिला, काँग्रेसने १९७४ मध्ये कायदा करून त्या सरकारजमा केल्या. सुमारे ३,७०० तासांचं बोलणं आहे, आणि जे जाहीर करायचं होतं त्याचा शेवटचा हप्ता २०१३ मध्ये बाहेर आला. आवाज भयानक, कपबशा खणखणतात, कोण बोलतंय कळत नाही, एक मिनिट उतरवायला जीव जातो.

पण ५ नोव्हेंबरची सकाळ ऐकण्यासारखी आहे. नऊच्या आत, म्हणजे दुसरी बैठक व्हायच्या आधी, निक्सन आणि किसिंजर आदल्या दिवसाचा हिशोब करत बसलेत, निक्सनचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमनही आहे. निक्सन म्हणतो की आपण त्या म्हातारीपुढे, चेटकीण म्हणालाय तो, फारच लाळ घोटली. किसिंजर भारतीयांना शिव्या घालतो, बाईंना त्याहून हलका शब्द वापरतो, आणि मग मुद्द्याचं बोलतो, की आपल्याला हवं होतं ते मिळालं, आता तिला घरी जाऊन सांगता येणार नाही की अमेरिकेने नीट वागवलं नाही म्हणून नाइलाजाने युद्धाला उभं राहावं लागलं. फाइलमधल्या टिपणात याचा मागमूस नाही, तिथे सगळे सभ्य. हे उतारे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच २००५ मध्ये आपल्या अधिकृत कागदपत्र-मालिकेत छापले, आणि किसिंजरला त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त करावा लागला. सरकारला पाहिजे तेच असतं म्हणणाऱ्यांनी हे कसं छापलं गेलं ते सांगावं.

कागद दडवले जातातच, नाही असं नाही. पण त्या दफ्तरात दडवल्याचीही नोंद राहते. एखादा कागद काढून ठेवला असेल तर त्या जागी पत्रक लावलेलं असतं, अमुक तारखेचं अमुक टिपण, अमुक कारणासाठी रोखलंय. आणि २० जून १९७२ च्या टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसली गेली तेही लपलं नाही, १९७३ मध्ये कोर्टापुढेच उघड झालं. आपल्याकडे पब्लिक रेकॉर्ड्सचा कायदा १९९३ चा आहे, पण पंतप्रधानांचा दिवस असा रकान्या-रकान्यांत बघायची सोय नाही, तेव्हा हक्सरांचे कागद दिल्लीला तीन मूर्तीत जाऊन चाळावे लागतात.

शेवटचा मुद्दा, एका काकांनी मागे विचारलं होतं, अरे खोटं असलं तरी अभिमान वाटतो ना, तुझं काय जातं? काका, जातं ते असं. त्या टेपवर किसिंजर जे बोलला ते परत वाचा. बाई रागावून निघून गेल्या असत्या तर निक्सनचं फावलंच असतं, बघा आम्ही बोलवलं, जेवू घातलं आणि या उठून गेल्या, असं जगाला सांगता आलं असतं. आणि बाईंनाही तेच उलट्या बाजूने हवं होतं, आम्ही ब्रुसेल्सपासून बॉनपर्यंत प्रत्येकाचं दार वाजवलं, कोणी ऐकलं नाही, हे दिसायला पाहिजे होतं. ऑगस्टमध्ये रशियाशी करार झालेला, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद व्हायची वेळ आलेली, सैन्याची जमवाजमव चाललेली. अशा वेळी समोरचा आपल्याला काय म्हणत असणार याचा पुरता अंदाज असताना दोन तास शांत बसायचं, रात्री टोस्टला ग्लास उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन व्हिएतनाम-चीनवर गप्पा मारायच्या. तुमच्या फॉरवर्डमधली बाई त्या खोलीत पहिल्याच फेरीत हरली असती.