पाचशेचा स्टँप आणि मावशीचा अर्ज

आज कोर्टाच्या आवारात एका टायपिस्टने एका आजोबांना पाचशेचा स्टँप पेपर आणायला पिटाळलं आणि माझं डोकंच सटकलं. कशासाठी, तर कोर्टात द्यायच्या साध्या प्रतिज्ञापत्रासाठी! अहो, कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. कोर्ट फीचं तिकीट लागेल तिथे लावा, ते वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टँपचे पाचशे झाले, तरी लोक मुकाट्याने पैसे काढून देतात. मी मध्ये पडले तर तो टायपिस्ट म्हणतो, "मॅडम, आत परत पाठवतात, मग शिव्या आम्हाला." आत म्हणजे कोण, ते विचारलं तर गप्प.

माझ्या मावशीचं याहून वाईट झालं होतं. काका गेले, बँकेत ठेव, नॉमिनी लावलेला नाही. बँकेने सांगितलं, "कोर्टाचा दाखला आणा." कुठला दाखला? ते नाही सांगायचं! गावात ज्याला विचारावं तो म्हणतो वारस दाखला. आता सातबाऱ्यावर वारसनोंद लागते ती तलाठ्याकडे. कोर्टातून वारस दाखला मिळतो तो १८२७ च्या रेग्युलेशनखाली (पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हाचा कायदा, अजून चालू आहे). आणि बँकेतली ठेव, शेअर्स असली येणी, म्हणजे गेलेल्या माणसाला मिळायचे पैसे, काढायला असतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या कायद्यातलं. सगळे त्याला सक्सेशनच म्हणतात. तिन्हींचे अर्ज वेगळे. मावशी बिचारी आधी तलाठ्याकडे जाऊन बसली.

मग एक "सगळं करून देतो" वाले भेटले. काका पुण्यात दवाखान्यात वारले म्हणून हे गृहस्थ अर्ज पुण्यात टाकायला निघाले होते! माणूस वारला कुठे याला महत्त्व नाही, वारला तेव्हा नेहमीचा राहता कुठे होता ते बघतात. काका जन्मभर गावात राहिले, म्हणजे आमच्याच भागातलं कोर्ट. तो अर्ज मी स्वतः वाचलाय, त्यात गूढ काही नाही. मृत्यू कधी झाला, राहायला कुठे होते, जवळचे नातेवाईक कोण, तुमचा हक्क कसा, आणि कुठली येणी मागताय त्याची यादी. दहावी झालेल्या पोराला कळेल. पण लिहिलाय असा, की "सबब सदर अर्जदार" वाचतानाच मावशीने चष्मा काढून ठेवला.

आणि नावं! मृत्यूच्या दाखल्यावर काकांचं नाव "रामचंद्र", पासबुकावर "रामभाऊ". त्यावर कोर्टाच्या ऑफिसने हरकत काढली. बरोबरच आहे हो हरकत, पैसे भलत्याला जाऊ नयेत. पण ती आधी सांगायची की जाहीर नोटिशीचे पैसे भरून झाल्यावर?

वकील मंडळी आता चिडतील. मान्य, सगळे तसे नसतात, मावशीचं काम शेवटी एका तरुण वकीलबाईंनीच नीट केलं. कोर्टातल्या कारकुनांच्या टेबलावर फायलींचा डोंगर असतो, तेही दिसतं मला. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख कळते, तेवढ्यासाठी एसटीने तालुक्याला जावं लागत नाही. चांगलं झालं. पण कुठला अर्ज कुठे टाकायचा, हे सांगायला दारात एक माणूस नाही.

या भीतीपायी लोक काय करतात माहितीये? दिवाणी दाव्याचं समन्स आलं की देव्हाऱ्यामागे ठेवतात. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस, कोर्टाने मुदत वाढवली तर नव्वदपर्यंत. समन्समधल्या तारखेला हजरच झाला नाहीत तर दावा एकतर्फी चालू शकतो. मग जमीन गेली की म्हणायचं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." अरे, तुम्ही चढला नाहीत म्हणून तर गेली!

मावशी त्या काळात रात्री झोपायची नाही. तिला वाटायचं, काहीतरी चुकीचं लिहिलं तर आपल्याला पकडून नेतील. पासष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या नवऱ्याचे पैसे मागताना चोरासारखी बसायची त्या बाकावर. पुकारा झाला की आधी माझ्याकडे बघायची, मग उभी राहायची.

तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. बायकांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच लिहिलंय. मावशी महिनोन्‌महिने ज्या बाकावर बसली, त्याच्या समोरचंच दार होतं ते. आम्हाला वाटलं रेकॉर्ड रूम आहे. पाटी होती, पण तिच्यापुढे कुणीतरी कपाट लावलं होतं. आज जाऊन बघितलं, कपाट अजून तिथेच आहे. उद्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावाने अर्ज देणार आहे, साध्या कागदावर. सह्या द्यायला कोण येतंय सांगा.