फरक: ०.०१

महिनाअखेर, रात्रीचे अडीच वाजलेत आणि रिकन्सिलिएशनच्या, म्हणजे दोन सिस्टिममधल्या रकमा जुळवून बघण्याच्या, रिपोर्टात शेवटच्या ओळीत लिहिलंय, फरक ०.०१. लाखो ओळी जुळल्या, ही एक नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, त्या शेपटाला धरून मी बसलोय.

कायय ना, फायनान्समधे मोठ्या फरकाला कुणी घाबरत नाही. दोन कोटींचा फरक आला की लगेच कुणीतरी शांतपणे म्हणतं टायमिंग डिफरन्स आहे, सौदा आज झाला सेटलमेंट, म्हणजे पैशांची देवाणघेवाण, उद्या, उद्या जुळेल. आणि खरंच जुळतं. पण ०.०१ ला कुणाकडे काही उत्तर नसतं, म्हणून तो डेटा इंजिनिअरकडे, म्हणजे माझ्याकडे येतो.

पहिला संशय एक्सेलवर. हा आमचा सराईत गुन्हेगार, काहीही हरवलं की आधी याच्या घराची झडती. कुणीतरी सीएसव्ही, म्हणजे डेटाची साधी फाइल, "नुसती बघायला" उघडतं, जाता जाता सेव्ह करतं, आणि खाते क्रमांकांच्या पुढची शून्यं गायब, सोळा आकडी नंबर असेल तर शेवटच्या आकड्याचंही शून्य, कारण एक्सेलला पंधरा आकड्यांपुढचं लक्षात राहत नाही. ज्याच्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उगवलेली तारीख आजही आहे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा तुम्हीच सांगा. पण आज तो निर्दोष निघाला.

मग करन्सी. येनला दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन असतात, आणि सगळ्या जगाला दोनच असतात असं धरून चालणारा एक तरी कोड प्रत्येक सिस्टिममधे असतोच. तोही बघितला, ठीक होता. फ्लोट, म्हणजे कंप्युटरची अपूर्णांक अंदाजे साठवायची पद्धत, तर शक्यच नव्हता, ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ देणाऱ्या प्रकाराला मी मागच्याच महिन्यात सगळीकडून हाकलून, दशांश अचूक ठेवणारा डेसिमल आणला होता, आणि त्याबद्दल मीटिंगमधे दहा मिनिटं बोललोही होतो.

आता खरा डेटा बघायचा तर प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टिमचा, अ‍ॅक्सेस पाहिजे, त्याला तिकीट म्हणजे रीतसर विनंती, तिकिटात कारण आणि रक्कम. मी रक्कम लिहिली ०.०१. पाच मिनिटांत अप्रूव्हरचा फोन, झोपेतला आवाज, "अहो, पुढचे आकडे टाकायचे राहिलेत का?" नाही म्हटलं, एवढेच आहेत. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग अ‍ॅक्सेस मिळाला, दोन तासांचा.

चार वाजता सापडलं. एका फीची रक्कम ०.१२५. जुन्या सिस्टिमने शाळेत शिकवल्यासारखं पाच आला की वर ढकलून ०.१३ केलं. आणि माझा लाडका डेसिमल, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला, त्याला काही सांगितलं नाही तर तो बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतो, म्हणून ०.१२. या पद्धतीला बँकर्स राउंडिंग म्हणतात. म्हणजे इथे सगळे बँकर आणि बँकर्स राउंडिंग करणारा एकटा मी.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्या ओळीसाठी चेंज रिक्वेस्ट, टेस्टचे पुरावे, दोघांच्या मंजुऱ्या, आणि ऑडिटसाठी "मूळ कारण" या रकान्यात शून्य पॉइंट एक दोन पाचची दोन परिच्छेदांची कहाणी, सगळं होईपर्यंत सकाळचे साडेनऊ. जुळवणी करणारा प्रोग्रॅम, म्हणजे आमचा जॉब, परत चालवला, फरक ०.००. मी तसाच टेबलावर डोकं ठेवून झोपलो.

अकरा वाजता फायनान्सच्या मॅडमचा मेसेज, "आज फरक एकदम शून्य दिसतोय. जॉब चाललाय ना नक्की? जरा चेक करता का."