‘शेक चालू असताना अंगाला पाणी लावू नका’ या मेसेजला माझं उत्तर

आमच्या सिडकोतल्या भिशीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. वर ‘स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन घेणाऱ्या प्रत्येक भगिनीपर्यंत पोचवा’ आणि खाली जोडलेले हात. सांगितलंय असं: कोर्स होईपर्यंत त्या जागेला पाणी लावू नका. मशीनवर जायच्या आधी हळद-चंदनाचा जाड लेप द्या. कातडी काळी पडली तर मशीनने जाळलं समजा आणि शेक थांबवा. लहान मुलांना जवळ घेऊ नका. शेक संपले की काळजी संपली.

मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः पंधरा शेक घेतले. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, आणि निम्मा घोळ या शब्दानेच केलाय असं मला वाटतं. शेक म्हटलं की चटका आला, चटका आला की घरगुती मलम आलं.

आधी पाण्याचं. हे मी पाळलं होतं, म्हणून जरा चिडूनच लिहितेय. नाशिकचा एप्रिल, दुपारी रिक्षातून जायचं, आणि पाच दिवस छातीला पाणी नाही. सहाव्या दिवशी स्तनाखालच्या घडीत खाज सुटली, वास यायला लागला. मशीनवरच्या ताईंनी विचारलं, “आंघोळ का करत नाही?” मला उत्तर देता येईना. पाण्याने आणि सौम्य साबणाने धुणाऱ्या आणि न धुणाऱ्या रुग्णांची तुलना केलेले अभ्यास आहेत. धुतल्याने कातडी बिघडत नाही, खाज उलट कमी होते. कोमट पाणी, हाताने हलकेच साबण, घासणी नाही, उटणं नाही, आणि मऊ पंच्याने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. स्तनाखाली आणि काखेत ओल राहू द्यायची नाही, कारण कातडी सर्वांत आधी तिथेच सोलते. पाण्याची भीती बहुधा किरण कुठे द्यायचे ते दाखवायला अंगावर काढलेल्या पेनच्या खुणांमुळे आली असावी. त्या रेषा चोळून काढायच्या नाहीत, एवढंच. बारीक गोंदलेला ठिपका असेल तर तो पाण्याने जातच नाही. रामकुंडातली डुबकी मात्र वेगळी गोष्ट. सोललेल्या कातडीने नदीत उतरू नये. सासूबाईंना हे पटवायला मला दोन दिवस लागले.

आता लेप. आताच्या लिनॅक, म्हणजे शेक देणाऱ्या मशीनच्या किरणांचा पूर्ण जोर कातडीवर नसतो, तो साधारण दीड सेंटिमीटर आत जाऊन चढतो. त्यामुळे वरची कातडी बरीच वाचते. स्तन काढलेला असेल आणि कातडीलाही डोस हवा असेल, तेव्हा डॉक्टर मुद्दाम छातीवर जेलसारखा जाड पत्रा ठेवतात, म्हणजे जोर वर येतो. शेकाच्या आधी थापलेला जाड लेप न सांगता तेच काम करतो! क्रीमचा पातळ हात चालतो, थर नको.

हळदीचा मान मी कमी करत नाही, पण कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या गोळ्यांची गोष्ट ऐका. 2013 साली तीसेक महिलांवरच्या छोट्या अभ्यासात कातडीला फायदा दिसला. मग साडेसहाशेहून अधिक महिलांवर पुन्हा तपासलं, 2018 साली निकाल आला, आणि फायदा टिकला नाही. कोरफडीचं तसंच: ऑस्ट्रेलियात 225 महिलांवर तुलना झाली, तेव्हा साधं बिनवासाचं क्रीमच सरस ठरलं. खाज-आग फार असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचं मलम लिहून देतात. ते त्यांनाच विचारायचं, मेडिकलवाल्याला नाही.

काळं पडणं. गोऱ्या कातडीवर जो लालपणा दिसतो, तो आपल्या रंगावर कॉफीसारखा काळसर दिसतो. मशीन बिघडल्याची ती खूण नव्हे, बहुतेकींना कमी-जास्त होतंच. गळ्याखालच्या गाठींनाही शेक असेल तर खांद्यामागे पाठीवरही डाग उमटतो, कारण किरण आरपार जातात. मी तर तो पाहून घाबरलेच होते. हा काळेपणा काही महिन्यांत फिका होतो. त्यासाठी स्वतःच्या मनाने शेक सोडणं हा त्या मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला आहे, कारण खंड पडला की उपचाराची ताकद कमी होते.

मुलांना जवळ न घेण्याचं तर सोडाच. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. मशीन बंद, की संपलं. मी रोज घरी येऊन नातीला मांडीवर घेत होते.

‘शेक संपले की काळजी संपली’ हे मात्र अगदी उलटं आहे. कातडीच्या खालच्या थरातल्या पेशींना झालेली इजा वर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. पूर्वी पाच आठवडे चालणारा कोर्स आता बऱ्याच जणींचा तीन आठवड्यांत होतो, म्हणजे खरा त्रास घरी परतल्यावर, पुढच्या एक-दोन आठवड्यांत टोकाला जातो. पिंपळगाव-दिंडोरीहून एसटीने येणाऱ्या बायका नेमक्या तेव्हा गावी असतात, त्यातल्या काही जणी द्राक्षाच्या खरड छाटणीला उन्हात उभ्या. त्या जागेवर ऊन नको, सुती ओढणी हवी, आणि ऊन टाळायची सवय पुढेही ठेवायची. पाणी सुटलं, पू दिसला, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

मेसेजमध्ये ‘डिओ लावू नका’ अशीही एक ओळ होती. कातडी फुटलेली नसेल तर डिओ लावल्याने बिघडत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मेसेज पाठवणाऱ्या वहिनींचा एकच प्रश्न आला: “मग ब्लाऊज कुठला घालायचा?” मी माझ्या मिस्टरांचा जुना सुती सदरा घालत होते, आतून काही नाही, वरून ओढणी. मंगळसूत्र तीन आठवडे देव्हाऱ्यात.