कार्डाच्या मागची ओळ

अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षांपासून बिलिंगचे काम करते. गेल्या हिवाळ्यात घरांची छपरे बसवणारा एक गृहस्थ मुतखड्याच्या कळा घेऊन आला. त्याने पुढे केलेल्या कार्डावर सभासद क्रमांक होता, फोन नंबर होता, बोधचिन्हही होते; नेहमीच्या विमा कार्डाहून फरक एवढाच, की मागे बारीक अक्षरांत 'हा विमा नाही' असे छापलेले होते. अशा पेशंटची नोंद आमच्याकडे 'सेल्फ-पे' अशी होते, म्हणजे बिल थेट त्याच्या नावावर निघते. तसे सांगितल्यावर तो चकित होऊन म्हणाला, "पण मी दर महिन्याला पैसे भरतो की!" ते खरे होते, आणि कार्डाच्या मागची ओळही खरी होती.

असे कार्ड देणाऱ्या संस्थांना इथे 'हेल्थ केअर शेअरिंग मिनिस्ट्री' म्हणतात. त्यातल्या मिनिस्ट्रीचा मंत्रालयाशी संबंध नाही. तो धर्मसेवेचा शब्द आहे. समान श्रद्धेच्या लोकांनी दरमहा ठरावीक वाटा द्यायचा आणि एकमेकांची वैद्यकीय बिले भागवायची, ही मूळ कल्पना. इलिनॉयमधल्या समॅरिटन मिनिस्ट्रीज या संस्थेत सभासद आपला वाटा थेट दुसऱ्या आजारी सभासदाला पाठवतात आणि सोबत प्रार्थनेची चिठ्ठी जोडतात. माझ्या एका सहकारी बाईच्या कुटुंबाचे बाळंतपण अशाच पैशांवर पार पडले. त्या चिठ्ठ्या तिने अजून जपून ठेवल्या आहेत. तेव्हा हा सगळाच प्रकार लबाडीचा आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

प्रश्न कायद्याचा आहे. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने विमा घेणे सक्तीचे केले तेव्हा ३१ डिसेंबर १९९९ पासून अखंड चालू असलेल्या अशा संस्थांच्या सभासदांना दंडातून सूट मिळाली. सुमारे ३० राज्यांनी तर त्यांना विमा कायद्याच्या कक्षेतूनच वगळले आहे. केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा एका योजनेला विमाच ठरवले, तर तीन वर्षांत तिथल्या विधिमंडळाने कायदा करून ती वाट मोकळी करून दिली. परिणाम असा, की गंगाजळी किती असावी याचे बंधन नाही, आधीच्या आजारांना नाकारायला आडकाठी नाही, आणि बिल नाकारले गेले तर विमा आयुक्तांकडे दाद मागण्याची सोयही नाही.

या मोकळ्या रानात काय उगवते, ते जॉर्जियातल्या अलिएरा कंपनीने दाखवले. ही नफ्यासाठी चालणारी कंपनी २०१८ साली स्थापन झालेल्या ट्रिनिटी हेल्थशेअर या संस्थेच्या नावाने योजना विकत होती. अनेक राज्यांनी तिला मनाई हुकूम बजावले. ट्रिनिटीने नाव बदलून शॅरिटी केले आणि २०२१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कुटुंबांची बिले मागे राहिली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी लावलेल्या दाव्यात असा आरोप होता, की सभासदांच्या प्रत्येक डॉलरमधले जेमतेम १६ सेंट उपचारांवर खर्च होत होते. वैयक्तिक विमा विकणाऱ्या कंपनीला डॉलरमागे किमान ८० सेंट खर्च करावे लागतात.

पुण्यात वस्त्यांमधल्या बायकांच्या बचत गटांसोबत काम करणाऱ्या माझ्या भावाला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्याचे मत अगदी उलट निघाले. त्याच्या मते आपल्याकडे नियमांचे ओझे आधीच जास्त आहे. पुण्यातल्या 'अपलिफ्ट'सारख्या परस्पर आरोग्य निधीत सभासद वर्गणी भरतात आणि कोणाला किती द्यायचे हे सभासदांचीच समिती ठरवते. पण विमा कंपनी म्हणून नोंदणी हवी तर कायदा १०० कोटी रुपयांचे भांडवल मागतो. विमा नियामकाने नेमलेल्या, मिराई चटर्जी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये सूक्ष्म विम्यासाठी, म्हणजे गरिबांच्या छोट्या रकमेच्या विम्यासाठी, ते २० कोटींवर आणण्याची शिफारस केली होती. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी २० कोटी तरी कुठून आणायचे, हा त्याचा सवाल आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही 'आपल्या माणसांत सरकार कशाला' हे वाक्य ऐकले, की मला वडिलांचा चेहरा आठवतो. निवृत्तीचे पैसे त्यांनी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते, कारण अध्यक्ष ओळखीचे होते आणि वार्षिक सभेत चहापोहे मिळत. संस्थेचे व्यवहार थांबले तेव्हा कळले, की बँकेतल्या ठेवींना असते ते पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेच्या ठेवींना मुळात नसतेच. वडील पासबुक घेऊन चार वर्षे खेटे घालत राहिले.

म्हणून मला नियमनाचे माप श्रद्धेवरून किंवा संस्थेच्या नावावरून न ठरवता, पैसे देणारा आणि वाटणारा यांच्यात किती अंतर आहे, यावरून ठरवावेसे वाटते. ज्या समितीत शेजारीण बसते, तिथे हिशेब डोळ्यांसमोर असतो. तिथे भांडवलाची अट म्हणजे निधी बंद पाडण्याची अट. पण सभासद पन्नास राज्यांत विखुरलेले असतील, दलाल कमिशन घेऊन योजना विकत असतील आणि वाटा वयानुसार ठरत असेल, तर तो व्यवहार ओळखीवर चालत नाही. तिथे किती बिले आली, किती भागवली आणि कारभारावर किती उडाले, हे राज्याला कळलेच पाहिजे. आमच्या कोलोरॅडो राज्याने २०२२ मध्ये कायदा करून एवढी माहिती तरी दरवर्षी मागायला सुरुवात केली. त्याला धर्मस्वातंत्र्यावरचा घाला म्हटले गेले, ते मला पटलेले नाही. देणगीदाराला हिशेब दाखवायला कोणत्या धर्माची हरकत असते? माझी तक्रार उलट आहे. माहिती विमा विभागाकडे जमा होते, पण बिल नाकारले गेलेला माणूस त्या दारात जाऊ शकत नाही.

छपरे बसवणाऱ्या त्या गृहस्थाचा खडा त्याच्या संस्थेने 'सभासद होण्याआधीचा' ठरवला. आम्ही त्याला रोखीने भरणाऱ्याची सवलत दिली आणि बिलाचे अठरा हप्ते पाडून दिले. त्यातले सात झाले आहेत. संस्थेचा मासिक वाटाही तो अजून भरतो. सोडला तर पुढच्या खड्याचे काय, असे त्याने मलाच विचारले.