जरा कळ काढ

मागच्या रविवारी नागपूरहून मामीचा फोन आला. इकडे इंग्लंडात, लीड्समध्ये सकाळचे नऊ, म्हणजे तिकडे जेवणं आटोपून आडवं व्हायची वेळ. त्या वेळी मामी फोन करते म्हणजे घरात काहीतरी पेटलेलं असणार.

माझ्या मामेबहिणीचे दिवस भरत आलेत. धंतोलीत ज्या दवाखान्यात तिचं नाव घातलंय, तिथे तिला एक कागद दिला. त्यात एक ओळ: पेनलेस डिलिव्हरी हवी का? हो किंवा नाही. म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कळांचं दुखणं कमी करायचं. पुढे त्याचे वेगळे पैसे. झालं, घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणतात, पाठीत सुई घेतली की जन्माची पाठ धरते. मामी म्हणते, आम्ही काय नाही काढल्या कळा? जावईबापू म्हणतात, डॉक्टर म्हणतील तसं. आणि पाठ जिची, पोट जिचं, ती गप्प.

"तू तिकडे दोन बाळंतपणं केलीस ना, तूच सांग," मामी म्हणाली. "तिकडच्या बाया काय करून राहिल्या?"

तिकडच्या बायाही यावरूनच भांडतात, मामी. फक्त उलट्या बाजूने.

माझं पहिलं बाळंतपण २०१६ सालचं. त्याआधी इथल्या पद्धतीप्रमाणे आम्ही नवरा-बायको एका वर्गाला गेलो. शिकवणारी बाई गोड होती. इंग्रजीत कळेला जो साधा शब्द आहे तो तिला चालत नव्हता. 'लहर' म्हणा, म्हणायची. दुखणं हा शब्द मनात आणूच नका, भीती गेली की दुखणंही जातं. ही कल्पना तिची नव्हे. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३०च्या दशकात ती मांडली: भीतीने शरीर आखडतं, आखडलं की जास्त दुखतं. त्यात तथ्य आहेच, मला ते पुढे अंगावर कळलं. पण त्या खोलीत मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेल्या आठ गर्भारणींपैकी कुणीही 'मला इंजेक्शन हवंय' असं मोठ्याने म्हणू शकली नसती. नागपुरात सासूसमोर जे म्हणता येत नाही तेच इथे मेणबत्तीसमोर म्हणता येत नाही.

आई तेव्हा नागपूरहून आली होती, डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपेची पुडी घेऊन. कळा सुरू झाल्यावर तीही आमच्याबरोबर दवाखान्यात आली आणि सवयीने बाहेरच्या बाकावर बसली. मिडवाइफने तिला हाताला धरून आत आणलं, खुर्ची दिली, चहा दिला. आईला काही सुधरेना. थोड्या वेळाने हळूच मला विचारते, "अगं, डॉक्टर कुठाय? सुईणीच्याच हाती दिलं का यांनी?" इथे सगळं सरळ चाललं असेल तर डॉक्टर खोलीत येतही नाही, शिकलेली मिडवाइफच बाळंतपण करते. मी तिला म्हटलं, तुझ्या सासूबाईंची बाळंतपणं मातृ सेवा संघात झाली ना? मग! बालविधवा कमलाताई होस्पेट नर्सिंग शिकल्या आणि १९२१ साली वेणूताई नेन्यांबरोबर त्यांनी नागपुरात ती संस्था काढली. शिकलेल्या बाईने बाईचं बाळंतपण करणं हे लीड्सहून आणायला नको, आपल्या गावात ते शंभर वर्षांपूर्वीच होतं. आपण ते मधेच कुठेतरी सोडून दिलं.

रात्रभर आईने माझी कंबर दाबली. कळ आली की तळवा माकडहाडाच्या वर घट्ट रोवायचा, ओसरली की सोडायचा. आणि मी हातात गॅसची नळी धरलेली. इथे ती प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत असते: निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा प्राणवायू. नळी तोंडात धरून आपणच ओढायचा. असर व्हायला वीस-तीस सेकंद लागतात, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात करावी लागते. कळ भरात आल्यावर ओढला तर ती गेल्यावर गुंगी येते आणि बाई उगाच हसत सुटते. दुखणं जात नाही. ते शेजारच्या खोलीत चाललंय असं वाटतं. तासाभरात आईला त्याचं गणित माझ्यापेक्षा चांगलं जमलं. पोटावर हात ठेवून ती सांगायची, "आली बघ, ओढ."

मधे एकदा, पहाटे तीनच्या सुमाराला, ती माझ्या वेळची गोष्ट सांगू लागली. ८७ सालचा मे महिना, नागपूरचाच एक दवाखाना. आजीला दारातच अडवलेलं. टेबलावर आई एकटी, पाणी मागितलं तर नाही, कूस बदलली तर ओरडा. मोठ्याने विव्हळली तेव्हा मांडीवर चापट बसली: ओरडू नको, बाळ वर चढेल. एवढं सांगून म्हणाली, "चालायचंच, तेव्हा तसंच होतं," आणि पुन्हा कंबर दाबू लागली. माझं अख्खं आयुष्य गेलं, ही गोष्ट मी ऐकली नव्हती.

अठराव्या तासाला माझा धीर सुटला. मी पाठीतलं इंजेक्शन मागितलं. भूलतज्ज्ञ तेव्हा एका तातडीच्या सिझरमध्ये अडकलेले. ते मोकळे होऊन आले तोवर लेक बाहेर आली होती. आणि मग काय विचारता! इथल्या मैत्रिणी म्हणाल्या, काही न घेता? शाबास! नागपूरहून आत्याने पेढे वाटल्याचं कळवलं, पोरगी 'नॉर्मल' झाली. दोन्हीकडून हार गळ्यात पडले आणि मी ते घालून हिंडले. खरं सांगायचं तर माझं 'नैसर्गिक' बाळंतपण म्हणजे रांगेत नंबर न लागलेल्या बाईची गोष्ट होती.

दुसऱ्या खेपेला, २०१९ साली, मी आधीच सांगून ठेवलं. मिडवाइफने एक कार्ड हातात दिलं. ते मला फार आवडलं, कारण त्यात ना भीती होती ना जाहिरात. आठांतल्या एकीला हे इंजेक्शन पुरेसं लागू पडत नाही. पन्नासातल्या एकीचा रक्तदाब बराच उतरतो. शंभरातल्या एकीला नंतर डोकं धरणारी तीव्र डोकेदुखी होते. वाचा, विचारा, मग सही करा. पाठ मांजरासारखी वाकवून बसले, दोन कळांच्या मधल्या फटीत सुई गेली, मागे केसाएवढी नळी राहिली. ती बसवायला वीसेक मिनिटं, गुण यायला आणखी तेवढीच. मग मी चक्क झोपले. फुकट काहीच नव्हतं म्हणा: डावा पाय ओंडक्यासारखा जड, लघवीला नळी, अंगाला खाज, आणि शेवटी जोर लावताना कळ कुठे सुरू होते ते कळेना, म्हणून मिडवाइफ सांगेल तेव्हा जोर. पण मुलगा झाला तो क्षण मला आठवतो. लेकीच्या वेळचा आठवत नाही, गॅस आणि थकवा याखाली तो कुठेतरी गडप झाला. यातलं कुठलं बाळंतपण जास्त 'खरं', ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता सासूबाईंच्या सुईकडे येते. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली चाळीसेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. या इंजेक्शनाने सिझरचं प्रमाण वाढत नाही आणि पाठीचं कायमचं दुखणंही मागे लागत नाही, असं त्यातून निघालं. चिमटा लावून बाळ बाहेर काढायची वेळ जास्त येते असं जुन्या चाचण्यांत दिसायचं, २००५ नंतरच्या कमी मात्रेच्या पद्धतीत तेही दिसत नाही. आणि मला एक कळत नाही. 'पाठीत सुई नको' म्हणणाऱ्या आपल्याच घरांत सिझर ठरलं की त्याच पाठीत सुई जाते, तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९–२१चा आकडा असा: देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने, खाजगीत ४७.४ टक्के. जवळजवळ निम्मी. म्हणजे सुई आपल्याला चालते. बाईचं दुखणं कमी करायला चालत नाही, एवढंच.

त्यामागचं गणितही सोपं आहे. धंतोली-रामदासपेठेतला भूलतज्ज्ञ एका दिवसात चार ठिकाणी जातो. सिझर तासाभरात उरकतं. कळांची बाई मात्र दहा-बारा तास घेते, तेवढा वेळ तिच्यासाठी कुणी हाकेच्या अंतरावर थांबायचं? त्याचा खर्च कागदावरच्या त्या एका ओळीत नीट बसत नाही. डागा, मेडिकल, मेयो या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांकडे बघितलं तर तिथे २०११पासूनच्या योजनेत बाळंतपण, औषधं, सिझर सगळं मोफत आहे, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण सरकारी दवाखान्यांत भूलतज्ज्ञाला ऑपरेशन थिएटरमधूनच सवड मिळत नाही. तिथल्या बाईला 'नैसर्गिक हवं की पेनलेस' हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिच्या सोसण्याला निसर्गाचं नाव देऊन कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो.

इंग्लंडचं गुणगान गायला मी बसलेली नाही. १८४७ साली एडिनबरोत जेम्स सिम्प्सनने बाळंतपणात भूल वापरली तेव्हा बाईने वेदनेतच प्रसवावं असं बायबलात लिहिलंय म्हणून ओरड झाली. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने क्लोरोफॉर्म घेतला तेव्हा ती ओरड हळूहळू विरली. पण सोसण्याचं ते वेड दुसऱ्या दाराने परत आलं. मोरकॅम्ब बे इथल्या प्रसूती विभागाची चौकशी झाली, २०१५ साली अहवाल आला. काही मिडवाइफ काही झालं तरी 'नॉर्मल'च करायचं या हट्टाला पेटल्या होत्या, असं त्यात आहे. ११ बाळं आणि एक आई, जी वाचू शकली असती. २०२२ साली श्रूजबरी-टेलफर्डचा अहवाल आला, तो याहून मोठा. ज्या दवाखान्याची सिझर कमी होतात म्हणून पाठ थोपटली जायची, तिथेच बायांना सिझर वेळेवर मिळालं नव्हतं. म्हणून नागपुरात हल्ली सुरू झालेले नैसर्गिक प्रसूतीचे वर्ग पाहून मला आनंदही होतो आणि धाकधूकही वाटते. श्वास शिका, चाला, उकिडवं बसा, सगळं उत्तम. फक्त तिथे शिकून आलेली पोरगी बाराव्या तासाला 'आता नाही जमत' म्हणाली तर ती नापास झाली असं कुणी समजू नये.

आपल्या भाषेत 'कळ काढ' म्हणजे थोडं सोस, थांब. बसची वाट पाहणाऱ्यालाही आपण तेच सांगतो. आणि बाळंत झालेल्या बाईला आपण काय म्हणतो? मोकळी झाली. सुटली एकदाची. ज्या भाषेने बाळंतपणाला सुटका म्हटलं, तिला त्या दुखण्याचं फार अप्रूप नसणार. ते नंतर चिकटवलंय, बहुतेक स्वतःच्या कळा संपल्यावर.

तरी मामीला मी 'इंजेक्शन घ्याच' असं सांगितलं नाही. माझ्या दोन अनुभवांवर तिसरीची पाठ मी कशी ठरवू? बहिणीला फोन द्यायला लावला आणि तिला म्हटलं, 'हो'वर खूण केलीस म्हणून घ्यावंच लागेल असं नाही, पण आज 'नाही' केलंस तर त्या रात्री मागायला तोंड राहणार नाही. आणि आधी दवाखान्यात जाऊन विचार. भूलतज्ज्ञ रात्री दोनला तिथे असतात की घरून येतात? मला चालू-फिरू देणार का, पाणी पिऊ देणार का? आणि सोबत कोण थांबू शकतं? हा शेवटचा प्रश्न माझ्या लेखी इंजेक्शनाच्याही वरचा. बाईजवळ सतत कुणी असेल तर बाळंतपण थोडं लवकर होतं, औषध कमी लागतं, सिझरही कमी होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. शिवाय त्याला खर्च एका खुर्चीचा. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका बाईला आत राहू द्या म्हणून सांगितलंय. तरी नागपूरला गेले की मला त्या आज्या-मावश्या बाहेरच दिसतात, थर्मास मांडीवर घेऊन.

मंगळवारी बहीण जाऊन आली. भूलतज्ज्ञ घरून येतात, अर्धा तास धरा, असं तिला सांगितलं. पाण्याला हरकत नाही. सोबतीचं विचारल्यावर काउंटरवरची मुलगी गोंधळली, हे आजवर कुणी विचारलं नाही म्हणाली, मॅडमना विचारून कळवते.

रात्री मामीचा पुन्हा फोन. पाठीचं, सुईचं, पैशाचं काही नाही. इकडचं-तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "काय गं, ते कंबर दाबायचं तुझ्या आईने कसं केलं होतं? तळवा कुठे ठेवायचा असतो?"